जोडप्याचे फोटो काढताना तोंडातली सूचना आधी तपासा

भाऊ, जळगावच्या मेहरूण तलावावर पहिलं प्री-वेडिंग शूट करताय, मस्तच. लाइटचे बारकावे नंतर बघू.

सुरुवातीला सगळ्यात जास्त घात करतात त्या सवयीने दिलेल्या सूचना. मुलाला "छाती पुढे, हात खिशात", मुलीला "मान तिरकी, नजर खाली, हात त्याच्या छातीवर". मग दोघं प्रत्यक्षात कशीही असोत, फोटोत तो खांबासारखा ताठ आणि ती त्याच्या आधाराने उभी. सूचना द्यायच्या आधी मनातल्या मनात दुसऱ्याला देऊन बघा. मुलाला सांगायला विचित्र वाटली, तर मुलीलाही सांगू नका.

- कॅमेरा दोघांच्या छातीच्या उंचीवर धरा. खालून काढलं की जो पुढे, तो उगाच भारदस्त दिसतो.
- मोबाइलवर चार फुटांवरून काढू नका. अर्धं पाऊल पुढे असलेला माणूसही मोठा भासतो. आठ-दहा फूट मागे जा, दोन पट झूम लावा.
- वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. दोघांचाही.
- हातांना खरं काम द्या. केळीच्या बागेत शूट असेल आणि तिला ट्रॅक्टर येत असेल, तर स्टिअरिंग तिच्या हातात, तो शेजारी.

तिला लाजरी पोझ मनापासून हवी असेल तर जरूर काढा, फक्त आधी विचारा. आणि पहिली पाच मिनिटं पोझ सांगूच नका, दोघांना नुसतं चालत राहू द्या. कोण कुणाचा हात कसा धरतं ते नीट बघा आणि पहिली पोझ त्यातूनच घ्या.