पडद्यावरचे मुसलमान आणि न्यू जर्सीतला शेजार

अस्सलामु अलैकुम. चिपळूणहून सहकुटुंब न्यू जर्सीला येण्याआधी तुम्ही विचारले आहे की, अमेरिकी मालिकांत मुसलमान जसे रंगवले जातात, त्याच नजरेने इथले लोक हिजाब घेणाऱ्या तुमच्या मुलीकडे पाहतील का.

तुमच्या मनात आहेत त्या २००१ साली सुरू झालेल्या ‘ट्वेंटी फोर’ आणि २०११ च्या ‘होमलँड’च्या वळणाच्या, दहशतवाद्यांच्या मागावर असलेल्या अमेरिकी हेरांच्या मालिका. ‘होमलँड’च्या सेटवर भिंती रंगवायला बोलावलेल्या कलाकारांनी ‘ही मालिका वंशद्वेषी आहे’ असे अरबीत लिहून ठेवले आणि २०१५ मध्ये ते प्रसारित होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आले नाही. ज्यांच्याविषयी कथा रचायची, त्यांची लिपी वाचण्याचीही कोणाला गरज वाटू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

मुसलमान स्वतः लिहू लागले तेव्हा चित्र पालटले. २०१४ पासून स्वतःच्या नावे चित्रकथा असलेली मार्व्हल या अमेरिकी चित्रकथा कंपनीची महानायिका कमला खान ही जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली मुलगी; तिला घडवणाऱ्या संपादक सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन दोघीही मुसलमान. तिच्यावरची २०२२ ची मालिका मुलीला जरूर दाखवा. तीत मशिदीतून चपला चोरीला जातात, बायकांच्या नमाजाच्या जागेची दुरवस्था पाहून कमलाची हिजाब घेणारी मैत्रीण नाकिया मशिदीच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभी राहते. आपल्या मोहल्ल्यातले हे वाद इतक्या आपुलकीने मांडलेले मी इथल्या पडद्यावर पूर्वी पाहिले नव्हते. हिजाब घालून २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तलवारबाजीचे सांघिक कांस्यपदक जिंकणारी इब्तिहाज मुहम्मद तर याच राज्यातली.

ती कृष्णवर्णीय आहे, हे मुद्दाम सांगतो. इथल्या मुसलमानांपैकी सुमारे पाचवा हिस्सा कृष्णवर्णीय आहे, पण मालिकांत बहुधा आपल्यासारखी बाहेरून आलेली कुटुंबेच दिसतात. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास १९६७ मध्ये धर्माच्या आधारे नकार देऊन विश्वविजेतेपद गमावणाऱ्या मुहम्मद अलींमुळे इस्लाम इथल्या घराघरांत आमच्या कितीतरी आधी पोहोचला होता. म्हणून केवळ देशी मंडळींत न रमता जुम्याला कृष्णवर्णीय मुसलमानांच्या मशिदीतही जा.

मुलीला टोमणे ऐकावे लागणारच नाहीत, असे आश्वासन मी देणार नाही. तसे घडल्यास शाळेला लगेच लेखी कळवा. छळाविरुद्धच्या २०११ च्या कायद्यानुसार न्यू जर्सीतील सरकारी शाळांना अशा तक्रारीची चौकशी शाळेच्या कामकाजाच्या दहा दिवसांत पूर्ण करावी लागते.