जुन्या ट्रकचा गिअर टाकताना कर्रर्र आवाज का येतो?

जुन्या जड ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये बऱ्याचदा सिंक्रोमेश (गिअरांचे स्पीड आपोआप जुळवणारी रचना) नसतो, म्हणजे स्पीड जुळवायचं काम ड्रायव्हरचंच, नाही जुळला की गिअरचे दात घासून कर्रर्र होतं, म्हणून डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा. खालचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, आरपीएम चढला की लगेच परत क्लच दाबून गिअर सरकवा, जमलं तर दांडा दोन बोटांनी आत जातो. वरचा टाकताना रेस नको, न्यूट्रलला क्षणभर थांबायचं. जबरदस्ती केली की दात झिजतात, मग ऑइलमध्ये चुरा दिसायला लागतो. आणि हो, उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकून घ्या, मध्येच न्यूट्रलला अडकलात तर सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल तर मात्र कितीही डबल क्लच मारा, कर्रर्र होणारच, आधी ती अ‍ॅडजस्टमेंट बघून घ्या.