देलाक्रवाच्या आत्मचित्राची नक्कल पहिल्यांदा करताय? मग एवढं सांभाळा

निवड छान आहे! पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं, फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं हे 1837 च्या सुमाराचं हिरव्या जाकिटातलं चित्र साधारण 65 × 54 सेंमी आहे. तुम्ही निम्म्या मापाने, 32 × 27 वर करा.

तैलरंग पाचच घ्या: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. जाकिटासाठी हिरवी ट्यूब नको. ऑकरमध्ये किंचित काळा मिसळला की तोच मंद हिरवा मिळतो.

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर सगळ्या कॅनव्हासवर फासा आणि ओला असतानाच कपाळ, गाल, नाक फडक्याने पुसून उजळ काढा. चेहरा इथेच सापडतो. डोळे किलकिले करून बघा. उजेड आणि सावली असे दोनच मोठे आकार दिसले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, पुन्हा पुसा. त्यात दोन-तीन बैठका गेल्या तरी चालेल.

नवशिक्यांचं हमखास चुकतं ते इथे:

- पापण्या, मिशी आधी रंगवणं. डोकं तिरकं वळलेलं आहे. कवटीचा कल चुकला की डोळे घसरतात.
- सावलीत पांढरा घालणं. सावली खडूसारखी पडते. ती पातळ ठेवा, जाड रंग फक्त उजेडात.
- खालच्या थरात जवसाचं तेल ओतणं. वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो.

शुभ्र पांढरा गळपट्ट्यावरच्या कॉलरसाठी राखून ठेवा, आणि तोही शेवटी. ग्लेझिंगचं, म्हणजे वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर देण्याचं, नंतर बघू.