बूट आधी की शिनगार्ड?

प्रश्न : मुलगा आमच्या चाळीच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचा. आता एका क्लबने लीगसाठी बोलावलंय. बूट कुठले घेऊ?
— एक आई, परळ

उत्तर : ताई, बुटांआधी शिनगार्ड, म्हणजे मोज्यात घालायची नडगीची ढाल, घ्या. फुटबॉलच्या नियम क्र. 4 नुसार ते सक्तीचेच. पहिल्या मॅचला मी विसरलो, तर वहीचे पुठ्ठे मोज्यात खुपसले. रेफ्रीने बोटाने टकटक केलं आणि बाहेर काढलं! घामाने पुठ्ठ्यांचा लगदा झाला तो वेगळाच.

मुंबईच्या कूपरेज मैदानाला कृत्रिम गवत आहे, म्हणून लोखंडी स्टड (तळव्याचे खुंट) नकोत; आखूड रबरी स्टडचे घ्या. चिखलात मात्र तेच घसरतात. रोव्हर्स कप पाहायला आम्ही तिथेच जायचो, 1891 पासूनची स्पर्धा ती! असो. बूट वाढत्या मापाचे घेऊ नका, फोड येतात.