वाचक विचारतात : दोष हाताचा की सुईचा?

दिवाळी सरली की विणकामाच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. पुण्यात स्वेटर लागतो जेमतेम दीड-दोन महिने, पण विणणाऱ्यांचा उत्साह त्यावर अवलंबून नसतो. यंदा लोकरीपेक्षा सुयांबद्दल जास्त विचारणा आहे, आणि तक्रारीचा सूर बहुतेक पत्रांत सारखा आहे: अ‍ॅल्युमिनियमच्या सोडून बांबूच्या घेतल्या, बांबूच्या सोडून स्टीलच्या, तरी त्रास तसाच. साहजिक आहे. बदललं ते साहित्य. त्रास बऱ्याचदा सुईच्या आकारात असतो.

सुलट रांग घट्ट येते आणि उलट रांग सैल. कापडावर आडवे पट्टे दिसतात. ८ नंबरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया होत्या, आता बांबूच्या घेतल्या. फरक नाही. हात सुधारायचा कसा? (कोथरूड)

हात सुधारण्याच्या मागे लागू नका, सुई सुधारा. टाक्याचं माप उजव्या हातातली सुई ठरवते. डाव्या सुईवर टाके फक्त वाट बघत असतात. उलट टाका घालताना धागा पुढून फिरून येतो, थोडा जास्त खर्ची पडतो आणि टाका किंचित मोठा होतो. विणणाऱ्या कितीतरी जणींचं हे होतं.

उपाय असा. सुलट रांगेला उजव्या हातात ८ नंबर (४ मिमी) आणि उलट रांगेला ९ नंबर (३.७५ मिमी) असू द्या. आडव्या विणकामात (रांग संपली की काम उलटवून पुढची रांग विणायची) सुया आपोआप आलटून पालटून उजव्या हातात येतात, त्यामुळे एक जाड, एक बारीक अशी जोडी केली की काम झालं. बारीक सुईच्या टोपीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, नाहीतर मध्येच काम ठेवून उठलात की घोळ होतो. आधी ३० टाक्यांचा नमुना २० रांगा विणून बघा. पट्टे राहिले तर उलट रांगेची सुई आणखी एक नंबर बारीक घ्या. उलट रांगाच आवळल्यासारख्या दिसू लागल्या तर एक नंबर जाड घ्या.

त्याआधी मात्र सुईचं टोक मोजा, कारण खरी मेख बहुतेक वेळा तिथे असते. टोकापासून दांड्याची पूर्ण जाडी येईपर्यंतचा निमुळता भाग काही सुयांत १० मिमी असतो, काहींत २० मिमी. समजा, ४ मिमीची सुई २० मिमीपर्यंत निमुळती आहे आणि टोकाशी १ मिमी आहे. तुम्ही टाका टोकापासून १२ मिमीवर आवळलात तर तिथे सुई जेमतेम २.८ मिमी जाड आहे. सुई चारची, टाका पावणेतीनचा! तोच टाका १० मिमी निमुळत्या सुईवर त्याच जागी पूर्ण ४ मिमीचा झाला असता. म्हणून लांब टोकाच्या सुयांवर प्रत्येक टाका दांड्यापर्यंत सरकवून मगच धागा ओढायचा. सुलट टाका टोकाशी आवळायचा आणि उलट टाका दांड्यावर, अशी सवय असेल तर पट्टे येणारच, सुई कशाचीही असो.

जाळीच्या विणीला मात्र लांब, अणकुचीदार टोकच हवं. तीन टाके एकत्र घ्यायचे तर बोथट सुई आत शिरत नाही. उलट सैल पिळाची लोकर असेल तर अणकुचीदार टोक धाग्याचे पदर फाडतं आणि अर्धा धागा मागे सुटून राहतो. एकच टोक सगळ्या कामांना चालत नाही.

बाहेरच्या देशातला एक नमुना मिळाला. त्यात ८ नंबरची सुई लिहिली आहे. तीच वापरली तर स्वेटर नातवाऐवजी बाहुलीला बसेल असा आला. (चिंचवड)

तो नमुना अमेरिकन असणार. तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची. आपली ८ नंबरची ४ मिमीची. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, तिचं मूळ तारेच्या मापात आहे. तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढत बारीक करायची आणि जितकी बारीक तितका नंबर मोठा. म्हणून आपली १० नंबरची सुई ३.२५ मिमी आणि ६ नंबरची ५ मिमी. अमेरिकन पद्धतीत नंबर आणि जाडी दोन्ही बरोबरीने वाढतात.

यापुढे नंबर विसरा, मिलिमीटर बघा. छापलेल्या मिलिमीटरवरही डोळे मिटून विश्वास नको, विशेषतः बांबूच्या सुयांत. बोहरी आळीत साधा व्हर्नियर कॅलिपर मिळतो. त्याने दांडा तीन ठिकाणी मोजा आणि प्रत्येक ठिकाणी सुई पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. बांबूची सुई बऱ्याचदा गोल नसून किंचित लंबगोल निघते. ०.१ मिमीचा फरक सोडून द्या. ०.२५ मिमी म्हणजे अख्खा नंबर बदलला.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसायला हवेत आणि तुमचे २३ बसले, तर २०० टाक्यांचा घेर ९१ सेंटीमीटरऐवजी ८७ भरतो. छातीला चार सेंटीमीटर कमी.

गोल विणायच्या सुईत केबलच्या जोडाशी प्रत्येक टाका अडकतो. जोर लावला तर लोकर तुटते. सुई टाकून द्यायची का? (बाणेर)

आधी जोड बघा, मग ठरवा. गोल सुई म्हणजे दोन छोट्या सुया आणि त्यांना जोडणारी लवचिक केबल. केबल सुईपेक्षा बारीक असते, म्हणून टाके केबलवरून सुईवर चढताना त्यांना चढ लागतो. चांगल्या सुईत तो चढ शंकूसारखा उतरता असतो. स्वस्त सुईत पायरीसारखा असतो, आणि अडचण तिथेच होते. तपासायला जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा जोडावरून दोन्ही दिशांनी ओढा. डोळ्यांना न दिसणारी कड त्यात लगेच अडकते.

कारणं तीन, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. जोडावरच्या धातूच्या नळीची कड धारदार असेल तर ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर बारीक पट्टीसारखा कापून जोडाभोवती फिरवा, मग १००० नंबरचा. केबल वाचवायची म्हणून तिच्यावर आधी चिकटपट्टी गुंडाळा. दुसरं कारण, नळी आणि केबल यांत फट. ती दोन ट्यूबांत मिळणाऱ्या एपॉक्सी गोंदाने भरता येते, पण नायलॉनच्या गुळगुळीत केबलला एपॉक्सी धड धरत नाही आणि केबल वाकली की तडकते. त्यामुळे हा एखादं काम पुरं करण्यापुरता इलाज समजा. तिसरं कारण पेचाच्या, म्हणजे केबल फिरवून काढता-लावता येते अशा सुयांत: विणता विणता पेच उलगडतो आणि फटीत टाका शिरतो. अशा केबलच्या टोकाजवळ बारीक भोक असतं, त्यात सोबतची छोटी किल्ली घालून पेच आवळायचा असतो. किल्ली हरवली असेल तर मोठी टाचणी चालते. निव्वळ बोटांनी आवळलेला पेच टिकत नाही, कारण गोल विणताना प्रत्येक टाक्याबरोबर सुई थोडी एकाच बाजूला वळते. फिरत्या जोडाच्या केबली निघाल्या आहेत त्या याचसाठी. वळण केबल सोसते, पेच नाही.

केबलला पुडीतला वेटोळा राहिला असेल तर ती गरम पाण्यात (चहाला उकळी येण्याआधी असतं इतपत) मिनिटभर बुडवा आणि दोन्ही टोकं धरून सरळ ताणून गार होऊ द्या. बांबूची किंवा लाकडाची टोकं पाण्याबाहेर ठेवा. ठेवताना लहान वेटोळं करू नका. केबल तुटते ती जोडापासून एक-दोन सेंटीमीटरवर, वारंवार एकाच जागी मोडल्यामुळे.

बांबूच्या सुया घरी करता येतील का? पावसाळ्यात विकतच्या सुया खरखरीत होतात, त्यावरही उपाय सांगा. (सदाशिव पेठ)

येतात, आणि विकतच्या बऱ्याच सुयांपेक्षा चांगल्या होतात. चिकाटी मात्र हवी.

बांबू जुना, पक्का वाळलेला घ्या; बुरूड आळीत निवडून मिळेल. ओल्या बांबूची सुई वाळताना वाकते. काठीच्या आतला भाग भुसभुशीत असतो आणि सालीलगतचा भाग दाट रेषांचा. सुई त्या दाट भागाचीच करायची. दोन पेरांमधला तुकडा घ्या आणि करवतीने न कापता सुरीने उभा फोडा. फोडला की चीर रेषेबरोबर जाते, करवत रेषा तोडत जाते. तुटलेली रेष पुढे कुसळ होऊन लोकरीत अडकते किंवा टोकाशीच सुई मोडते.

४ मिमीच्या सुईसाठी सुमारे ६ मिमीची चौकोनी काडी फोडा. सुरीने कोपरे काढून अष्टकोनी करा. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर तळहातात धरून काडी त्यातून ओढत, फिरवत ४.२ मिमीपर्यंत आणा. इथे थांबायचं, कारण पुढची घासाई ०.१ ते ०.२ मिमी खाते. २२० आणि ४०० नंबरचे कागद रेषेच्या दिशेनेच चालवा. आडवे घासलेले ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, टाक्यांना जाणवतात.

टोक करताना घाई नडते. पेन्सिल तासायच्या यंत्रात सुई घालू नका. त्याचं टोक सरळ शंकूचं होतं आणि शंकू संपून दांडा सुरू होतो तिथे कड राहते. टाके नेमके त्या कडेवर थबकतात. टोक पॉलिश पेपरवर काडी फिरवत फिरवत उतरवा: १२ ते १५ मिमी लांब, बाजू किंचित फुगीर, दांड्यात विरून जाणारी. शेवटचा अर्धा-पाऊण मिलिमीटर गोलसर ठेवा. अगदी अणकुचीदार बांबू आठवड्यात पिंजतो.

आता ओल्या फडक्याने सुई पुसा, रात्रभर वाळू द्या. रेषा उठून सुई पुन्हा खरखरीत होईल, घाबरू नका. ६०० आणि मग १००० नंबरने त्या हलक्या हाताने उतरवा. ही पायरी गाळली तर तेच काम जून-जुलैची दमट हवा करते. तुमच्या विकतच्या सुयांचं हेच झालं आहे: वरचं पॉलिश झिजलं, हवेतलं पाणी आत गेलं, रेषा उठल्या. त्यांनाही ६०० आणि १००० चा हात द्या.

शेवटी मधमाशीचं मेण कापडाला लावून सुई जोरात घासा, कापड गरम लागेपर्यंत. खोबरेल लावू नका. ते वाळत नाही, खवट होतं आणि पांढऱ्या लोकरीवर डाग पाडतं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल वाळतं आणि टिकतं, पण त्याचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

आईचं वय ७४. बोटांचे सांधे आखडतात, तरी विणणं सोडवत नाही. पेन्सिलला लावतात तशी रबरी पकड सुईला लावली तर? (सहकारनगर)

क्रोशाच्या सुईला लावा, खुशाल. विणकामाच्या सुईला नाही. क्रोशाचे टाके दांड्यावर साठत नाहीत, पण इथे टाक्यांना दांड्यावरून मागे सरकायचं असतं आणि जिथे बोटं धरतात तीच त्यांची वाट. पकड लावली की वाट बंद.

वजनाकडे बघा. ३५ सेंटीमीटर लांब, ४ मिमी जाड सुई भरीव स्टीलची असेल तर साधारण ३४ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची १२, बांबूची तीनच्या आसपास. पण त्याहून मोठा भार विणलेल्या कापडाचा. लांब सुईवर तो मनगटापासून वीतभर दूर लोंबतो आणि प्रत्येक टाक्याला मनगट तो उचलतं. म्हणून आईंना आडवं कामही ८० सेंटीमीटरच्या गोल सुईवर करायला सांगा. रांग संपली की सुई उलटी फिरवायची, बाकी सगळं तेच. भार मांडीवर बसतो.

चौकोनी दांड्याच्या सुयाही मिळतात. काहींच्या बोटांना त्या बऱ्या वाटतात, कारण सपाट बाजू असल्याने सुई बोटांत फिरत नाही आणि कमी दाबून धरावी लागते. कॅलिपरने मोजाल तर गोंधळाल. घेर ४ मिमीच्या गोल सुईइतका ठेवायचा तर चौकोनाची बाजू ३.१ मिमी येते आणि कर्ण ४.४. आधी नमुना विणूनच माप ठरवा.

डाव्या सुईचं टोक तर्जनीने मागे ढकलायची सवय असेल तर टोक गोलसर हवं, नाहीतर बोटाला भोक पडायचं तेवढं बाकी राहतं. आखडणं सकाळी उठल्यावर बराच वेळ राहत असेल किंवा सांधे सुजत असतील तर सुया बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पांढऱ्या झबल्यावर राखाडी छटा आली. लोकर खराब की सुई? (हडपसर)

सुई. उघडं अ‍ॅल्युमिनियम घासलं की काळपट भुकटी सुटते. रंगीत किंवा करड्या लेपाच्या सुयांत तो लेप ती अडवतो, पण टोकाशी आधी झिजतो. सुई पांढऱ्या कापडाने करकचून पुसा. कापड काळं झालं तर तिच्यावर फिक्या रंगाचं काम करू नका. पॉलिश पेपर मारलात तर उरलासुरला लेपही जाईल. झबलं कोमट पाण्यात सौम्य साबणाने न चोळता धुवा.