बदामचा एक्का किती वेळ राखावा?

प्रश्न : ब्रिजमध्ये ‘तीन नो ट्रम्प’ (हुकूम नसताना तेरापैकी नऊ हात करण्याची बोली) खेळताना माझ्याकडे बदामचा एक्का, सत्ती, तिर्री आणि डमीत (समोरच्या जोडीदाराच्या उघड्या पानांत) छक्की, चव्वी होती. इस्पिक व किलवरचे एक्का-राजे आमचेच. डमीत चौकटचे एक्का, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी. डावीकडून बदाम राजाची उतारी (पहिले पान) आली, मी एक्क्याने हात घेतला. पुढे चौकटची फिनेस (राजा डावीकडे असेल या आशेने डमीतले त्याखालचे पान खेळणे) उजवीकडच्या राजाने फसली आणि एका हाताने बुडालो. चूक कुठे झाली?

उत्तर : फिनेस करणे योग्यच होते, चूक पहिल्याच हाताला झाली. प्रतिस्पर्ध्यांकडे आठ बदाम असून ते पाच-तीन विभागलेले असल्यास, दोन हात सोडून तिसऱ्याला एक्का घेताच उजवीकडच्या भिडूचे बदाम संपतात, आणि चौकटचा राजा जिंकूनही त्याला जोडीदारापर्यंत पोहोचता येत नाही. विभागणी चार-चार असेल, तरी तुमचे चारच हात जातात आणि बोलीचे नऊ होतात. एक्का न घेता किती वेळा थांबावे, यासाठी आपली व डमीतली मिळून त्या रंगाची पाने सातातून वजा करावीत. येथे सात वजा पाच, म्हणजे दोनदा. मात्र दुसरा एखादा रंग याहून कच्चा असेल, तर थांबणे महागात पडते, म्हणून डमी उघडताच, पहिले पान टाकण्यापूर्वी, चारही रंग शांतपणे पाहावेत.