फायरवॉलचं वॅन (इंटरनेटकडचं) पोर्ट १०० एमबीपीएसवर अडकलंय आणि लिंक सारखी तुटते. पोर्ट ‘१०० फुल’वर फिक्स करावं की नवा बॉक्स घ्यावा?

दोन्ही नको. फिक्स आधीच केलं असेल तर ते आत्ता परत ऑटोवर (दोन्ही टोकं आपसात स्पीड ठरवतात त्या सेटिंगवर) आणा, मग पुढचं वाचा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतं: मोडेमपासून फायरवॉलच्या वॅनपर्यंत साधारण वीस मीटर केबल, लिंक गिगाबिटऐवजी (म्हणजे १००० ऐवजी) १०० ची आणि तीही दिवसातून अनेकदा पडते. फॅक्टरी रीसेट झाला, फर्मवेअर झालं. मग कुणीतरी स्पीड आणि डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) हाताने लावायला सांगितलं. तेव्हापासून लिंक पडत नाही, पिंगही स्वच्छ आहे, पण मोठी फाइल रांगते.

हा शेवटचा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचाच आहे. तुम्ही फायरवॉलची बाजू फिक्स केलीत, म्हणजे तिने वाटाघाटी बंद केल्या. मोडेम अजून ऑटोवरच आहे. त्याला समोरून येणाऱ्या सिग्नलवरून १०० चा स्पीड ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखायचा काहीच मार्ग नसतो, आणि अशा वेळी हाफ धरायचं असं स्टँडर्डच सांगतं. आता फायरवॉल फुलमध्ये हवं तेव्हा बोलते आणि मोडेम त्याच वेळी बोलत असेल तर त्याला ती टक्कर वाटते. पिंगमध्ये एका वेळी एकच छोटं पॅकेट जातं, म्हणून ते सुटतं. फाइल उतरवताना एका दिशेने डेटा आणि त्याच वेळी उलट दिशेने पोचपावत्या जातात, तिथे सगळं अडतं. पहिल्या ६४ बाइट्सनंतर टक्कर झाली तर इथरनेट ती फ्रेम पुन्हा पाठवत नाही. ते काम टीसीपीवर (डेटा पोचला की नाही ते पाहणाऱ्या वरच्या प्रोटोकॉलवर) पडतं आणि तो प्रत्येक वेळी वेग कमी करतो. मोडेमच्या बाजूला लेट कोलिजन (अशा उशिराच्या टकरा), तुमच्या बाजूला सीआरसी एरर (खराब होऊन आलेल्या फ्रेम). ही जोडी दिसली की दुसरं काही शोधायची गरज नाही.

म्हणजे मूळ दोष तसाच राहिला आणि वर दुसरा बसला.

मूळ दोष केबलमध्ये असण्याची शक्यता सर्वात जास्त. केबलमध्ये दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळून चार जोड्या असतात. १०० ला दोनच जोड्या लागतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक तार नीट टेकत नसेल तर गिगाबिट जमत नाही. मग पोर्ट १०० वर उतरतं किंवा वर-खाली करत राहतं. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

आता ‘टेस्टर लावला, आठही दिवे लागले, केबल ठीक आहे’ या म्हणण्याबद्दल. याच लक्षणाची एक केस तपशिलात सांगण्यासारखी आहे. वीस-बावीस मीटरची केबल, दोन्ही टोकं हाताने क्रिंप केलेली (प्लग दाबून बसवलेले). टेस्टरवर १ ते ८ ओळीने हिरवे. राउटर बदलला, फरक नाही. स्विच मध्ये टाकला, फरक नाही. शेवटी पोर्ट १०० फुलवर लावलं आणि कित्येक महिने ‘चालतंय’ म्हणून सोडून दिलं. प्लग नुसता उजेडात धरला असता तर कळलं असतं. आत रंग असे होते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. डोळ्याला अगदी व्यवस्थित, जोडीला जोडी लागून. आणि तेच चूक. ३ आणि ६ या पिना मिळून एक जोडी असते. इथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला होता, म्हणजे एकमेकांशी पीळ नसलेल्या दोन तारा. ४-५ चंही तसंच. दोन्ही टोकांना हाच क्रम असल्यामुळे पिन टू पिन सातत्य शंभर टक्के बरोबर, म्हणून टेस्टर खूश. पण गोंगाट मारायचं काम पिळाचं असतं आणि तो इथे उपयोगाचाच राहिला नव्हता. दोन मीटरच्या तुकड्यात हे खपून जातं, वीस मीटरमध्ये नाही.

बरोबर क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. क्रिंप करण्याआधी प्लगच्या टोकाकडून बघा, आठही तांब्याचे ठिपके प्लास्टिकला टेकलेले दिसले पाहिजेत. बाहेरचं आवरण प्लगच्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते आणि टेबल हललं की लिंक जाते. भिंतीतल्या भरीव तारेला भरीव तारेचाच प्लग लावा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल मी तर कुठेच वापरू नका म्हणेन. ती वाकवली की लवकर तुटते.

तपासायला वेळ लागत नाही. फायरवॉल उचलून मोडेमशेजारी न्या आणि कारखान्यात तयार झालेल्या एक-दोन मीटरच्या पॅच कॉर्डने जोडा. दोन्ही बाजू ऑटो. लिंक १००० ची आली आणि टिकली तर बॉक्स चांगला आहे, केबल बदला. एररचे काउंटरही बघा: पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरमध्ये स्टेटसखाली इंटरफेसेस, लिनक्सवर एथटूलची आकडेवारी. जीबीभर डेटा ओढा आणि आधीचा-नंतरचा आकडा ताडून पाहा. चांगल्या केबलवर सीआरसी एरर शून्यावरच राहतात, ‘थोडे असतातच’ हे ऐकून घेऊ नका.

काउंटर शून्य, लॉगमध्ये लिंक पडल्याची नोंद नाही आणि तरी नेट नाही, तर दोष वरच्या थरात, म्हणजे केबलऐवजी पत्त्यांच्या सेटिंगमध्ये आहे. दोनच गोष्टी सांगतो: वॅन आणि लॅन दोन्हीकडे १९२.१६८.१ चंच सबनेट (पत्त्यांचा गट) नाही ना ते बघा. आणि बॉक्स बदलल्यावर आयपी मिळत नसेल तर मोडेम काही मिनिटं पूर्ण बंद ठेवून मग चालू करा. काही मोडेम पहिल्या बॉक्सचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क पोर्टचा ओळखक्रमांक) धरून बसतात.

फिक्स करणं कधीच बरोबर नसतं असं मात्र नाही. समोरचं उपकरण जुनं असेल आणि तिथे १०० फुल हाताने लावलेलं असेल तर तुम्हालाही तेच लावावं लागतं. अट एकच, दोन्ही टोकांना सारखं. तांब्याच्या गिगाबिटवर तर वाटाघाटी बंद करताच येत नाहीत, कारण घड्याळ, म्हणजे सिग्नलचा ताल, कुणी द्यायचं आणि कुणी पाळायचं हे तिथेच ठरतं. ज्याने तुम्हाला हा सल्ला दिला त्याला विचारा की १००० वर फिक्स करायला का नाही सांगितलं.

पोर्ट खरोखर मेलेलंही असू शकतं, विशेषतः केबल घराबाहेरून जात असेल आणि वीज कडाडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर. छोट्या कॉर्डवरही १०० च आली तर वॅन दुसऱ्या पोर्टवर नेमा आणि मोडेमचं पोर्ट लॅपटॉप लावून तपासा. नवीन बॉक्सचा विचार त्यानंतर. आणि नवी केबल टाकूनही फक्त रहदारी नसतानाच लिंक पडत असेल, तर पोर्टची वीजबचत, म्हणजे ईईई, बंद करून एक दिवस बघा.